विश्लेषण : ‘एआयने औषध शोधलं’ म्हणजे नेमकं काय झालं? संगणकातला रेणू आणि रुग्णाच्या हातातली गोळी यांत किती अंतर?

‘एआयने कर्करोगावर औषध शोधलं’, ‘जे काम करायला शास्त्रज्ञांना दहा वर्षं लागली असती, ते संगणकाने काही तासांत केलं’ अशा पोस्ट आता रोजच्या झाल्या आहेत. घरात कोणी आजारी असेल तर असा मेसेज कुटुंबाच्या ग्रुपवर हमखास येतो आणि पाठोपाठ प्रश्नही येतो : हे औषध मिळतं कुठे?

बहुतेक वेळा उत्तर असतं, अजून कुठेच नाही. याचा अर्थ बातमी खोटी आहे असं नाही. संगणकावर रेणूची रचना मांडणं आणि त्याचे गुणधर्म आधीच ओळखणं यात गेल्या काही वर्षांत खरोखर मोठी झेप घेतली गेली आहे. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामाला मिळालं. मात्र ‘रेणू सापडला’ आणि ‘औषध तयार झालं’ या दोन वाक्यांमध्ये बराच लांबचा पल्ला आहे. हा पल्ला कसा आहे, संगणक त्यात कुठे मदत करतो, कुठे अडतो आणि या ज्ञानावर ताबा कोणाचा, हे समजून घेऊ.

संगणकात रेणू ‘मांडतात’ म्हणजे काय करतात?

औषधाचं काम बरंचसं आकारावर आणि विद्युतभारावर चालतं. शरीरातल्या एखाद्या प्रथिनावर एक खाच असते. तिच्यात नेमका बसणारा रेणू मिळाला तर त्या प्रथिनाचं काम थांबवता येतं किंवा बदलता येतं. कुलूप आणि किल्लीची उपमा त्यासाठी नेहमी दिली जाते. फरक इतकाच की हे कुलूप लोखंडाचं नसून सतत थरथरणारं, वाकणारं असतं.

अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात हे ठरवणारं समीकरण १९२६ पासून माहीत आहे. एर्विन श्रोडिंगर यांनी ते मांडलं. हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन असतो. त्याच्यासाठी हे समीकरण कागदावर अचूक सुटतं. हेलियममध्ये दोन इलेक्ट्रॉन आले की ते तसं सुटत नाही, कारण दोन्ही इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात आणि एकाची जागा दुसऱ्यावर अवलंबून राहते. एका साध्या पॅरासिटामॉलच्या रेणूत ८० इलेक्ट्रॉन असतात. म्हणजे नियम माहीत असूनही उत्तर थेट काढता येत नाही. अंदाजाच्या चतुर पद्धती शोधाव्या लागतात.

या पद्धतींचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार : इलेक्ट्रॉनांचं गणित शक्य तितकं प्रामाणिकपणे करायचं. उत्तर भरवशाचं मिळतं, पण वेळ प्रचंड लागतो.

दुसरा प्रकार : इलेक्ट्रॉन बाजूला ठेवायचे, अणूंना चेंडू आणि बंधांना स्प्रिंग समजायचं आणि ते कसे हलतात ते बघायचं. यात हजारो, लाखो अणू हाताळता येतात, पण बंध तुटणं किंवा नवा जुळणं साध्या रूपात दाखवता येत नाही.

तिसरा प्रकार : आधी मोजलेल्या असंख्य उदाहरणांतून संगणकाला शिकवायचं आणि नव्या रेणूचं उत्तर त्याला ओळखायला लावायचं. ज्याला आज ‘एआय’ म्हटलं जातं ते हेच.

मग मोठा संगणक घेतला की प्रश्न सुटला?

नाही, आणि हे समजलं की बरेच दावे तपासता येतात. पहिल्या प्रकारातली सगळ्यात विश्वासार्ह मानली जाणारी पद्धत अशी आहे की रेणूचा आकार दुप्पट केला तर गणिताला लागणारा वेळ दुप्पट होत नाही, तर सुमारे १२८ पट होतो. आज एक तास लागणारं काम दुप्पट मोठ्या रेणूसाठी पाच दिवसांवर जातं. चौपट आकारासाठी तेच काम जवळपास दोन वर्षं चालेल. संगणक कितीही वेगवान झाले तरी ही चढण संपत नाही.

म्हणून या क्षेत्राचा इतिहास हा शॉर्टकट शोधण्याचा इतिहास आहे. वॉल्टर कोन यांनी प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा हिशेब न ठेवता त्यांची एकत्रित घनता पाहिली तरी पुरतं, हे दाखवून दिलं. जॉन पोपल यांनी ही गणितं रसायनशास्त्रज्ञांना रोज वापरता येतील अशा पद्धतींमध्ये आणि प्रोग्राममध्ये बसवली. दोघांना १९९८ चं नोबेल मिळालं. २०१३ मध्ये मार्टिन कारप्लस, मायकल लेविट आणि एरिये वॉर्शेल यांना ते मिळालं. जिथे बंध तुटतो-जुळतो तेवढ्या भागाचं बारीक गणित करायचं आणि बाकीचं प्रथिन चेंडू-स्प्रिंगवर सोडायचं, ही त्यांची युक्ती होती.

याच अडचणीवर पुण्यातही उत्तर शोधलं गेलं. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या रेणूचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करायचे, प्रत्येकाचं गणित वेगळं सोडवायचं आणि नंतर उत्तरं जोडायची अशी पद्धत विकसित केली. तिचं नावच शिंपीकामावरून पडलं आहे : कापायचं आणि शिवायचं. सगळं कापड एकदम मशीनखाली घालता येत नसेल तर दुसरं काय करणार?

२०२४ चं नोबेल नेमकं कशासाठी होतं?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ही माळ पेशीत स्वतःभोवती गुंडाळली जाते आणि तिला ठरावीक आकार येतो. आकार बिघडला की काम बिघडतं. माळेतल्या मण्यांचा क्रम जनुकावरून सहज वाचता येतो, पण त्या क्रमावरून अंतिम आकार काय होईल हे ओळखणं पन्नास वर्षं कोडं बनून राहिलं होतं. कारण शक्य आकारांची संख्याच इतकी अफाट आहे की एकेक करून तपासायला विश्वाचं वयही पुरणार नाही.

या कोड्याच्या पायाशी भारतीय नाव आहे. जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठातून एक साधं पण मूलभूत निरीक्षण मांडलं. माळेतला प्रत्येक सांधा कोणत्याही कोनात वळू शकत नाही, कारण अणू एकमेकांवर आदळतात. कोणते कोन चालतात आणि कोणते नाहीत, याचा त्यांनी नकाशा काढला. तो जगभर ‘रामचंद्रन प्लॉट’ म्हणून ओळखला जातो. प्रथिनाची रचना बरोबर आहे का, हे तपासायला तो आजही वापरतात.

१९९४ पासून दर दोन वर्षांनी या कोड्याची जागतिक परीक्षा होते. प्रयोगशाळेत नुकतीच उलगडलेली, पण अजून जाहीर न केलेली रचना हे उत्तर आणि स्पर्धकांच्या हाती फक्त माळेचा क्रम. २०२० च्या परीक्षेत गुगलच्या मालकीच्या डीपमाइंड कंपनीच्या ‘अल्फाफोल्ड २’ने १०० पैकी ९२.४ मध्यक गुण मिळवले. ९० च्या आसपासचे गुण म्हणजे प्रयोगाच्या तोडीचं उत्तर, असं मानलं जातं. डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या नोबेलचा अर्धा भाग यासाठी मिळाला. उरलेला अर्धा डेव्हिड बेकर यांना. निसर्गात नसलेली नवी प्रथिनं संगणकावर घडवण्याचं त्यांचं काम आहे.

जुलै २०२२ पर्यंत अल्फाफोल्डने २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज सर्वांसाठी मोफत खुले केले. पूर्वी एकेका रचनेसाठी संशोधकांना महिने, कधी वर्षं खर्चावी लागत. म्हणून ही झेप मोठी आहे, यात शंका नाही.

मग औषधं धडाधड बाजारात का येत नाहीत?

कारण कुलपाचा फोटो मिळणं म्हणजे किल्ली मिळणं नव्हे. आणि किल्ली मिळाली तरी ती दारापर्यंत पोहोचायला हवी.

आधी फोटोबद्दल. माणसाच्या शरीरातल्या प्रथिनांच्या ज्या रचना अल्फाफोल्डने २०२१ मध्ये वर्तवल्या, त्यांतल्या ५८ टक्के अमिनो आम्लांच्या जागांबद्दलच त्याने भरवसा दाखवला होता. अतिशय पक्की खात्री ३६ टक्क्यांबद्दल होती. हे प्रणालीने लपवलं नव्हतं. प्रत्येक जागेसमोर खात्रीचा आकडा ती स्वतःच देते. शिवाय अनेक प्रथिनांचे काही भाग मुळात एका आकारात राहतच नाहीत. पेशीत ते मोकळ्या दोऱ्यासारखे हलत असतात. हलत्या गोष्टीचा एकच स्थिर फोटो अपुरा ठरणारच.

आता किल्लीबद्दल. एखादा रेणू खाचेत बसतो, असं संगणकाने सांगितलं तरी तो किती घट्ट बसतो हे ओळखणं अजून अवघड आहे. त्यानंतर प्रश्नांची रांग लागते. तो पोटातून रक्तात जाईल का? यकृत त्याचे तुकडे करेल का? त्या तुकड्यांपैकी एखादा विषारी असेल का? दुसऱ्याच एखाद्या प्रथिनाला तो चिकटणार नाही ना?

शेवटचा प्रश्न पुस्तकी नाही. टर्फेनाडीन हे अॅलर्जीचं औषध जगभर लाखो लोक घेत होते. काही परिस्थितींत ते रक्तात साठून हृदयाच्या पेशीतल्या एका मार्गिकेला अडवतं आणि ठोक्यांची लय बिघडवतं, हे नंतर उघड झालं. १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. आज नवा रेणू याच मार्गिकेला चिकटेल का, याचा अंदाज कंपन्या संगणकावर सुरुवातीलाच घेतात. संगणकाचा हा उपयोग बातम्यांत फार येत नाही, पण तो खरा आहे. वाईट रेणू लवकर बाद होतो आणि पैसा, वेळ, प्राणी यांच्यावरचा भार कमी होतो. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस आणि भारताने २०२३ मध्ये नियम बदलून नव्या औषधाच्या तपासणीत प्राण्यांऐवजी अशा पर्यायी पद्धतींना वाट मोकळी केली, त्यामागे हेही एक कारण आहे.

तरी माणसावरची चाचणी टळत नाही. चाचण्यांच्या पहिल्या टप्प्यात पोहोचलेल्या औषधांपैकी साधारण दहातली नऊ पुढे बाद होतात, असं औषध उद्योगात मानलं जातं.

आतापर्यंतचा प्रत्यक्ष निकाल काय?

संमिश्र. २०२० मध्ये ‘एआयने घडवलेला आणि माणसांवरील चाचणीत गेलेला पहिला रेणू’ म्हणून डीएसपी-११८१ चं नाव गाजलं. मंत्रचळ म्हणजे ओसीडी या आजारासाठी तो होता. पहिल्या टप्प्यानंतर अपेक्षित निकष पूर्ण न झाल्याने त्याचं काम थांबवण्यात आलं. सुरुवातीची बातमी जितकी पसरली, तितकी ही पसरली नाही.

दुसरं उदाहरण आशा दाखवणारं आहे. इन्सिलिको मेडिसिन कंपनीच्या रेंटोसर्टिब या औषधाचं लक्ष्य असलेलं प्रथिन शोधण्यात आणि रेणू घडवण्यात, दोन्हींत एआयचा वापर झाला. फुफ्फुसाच्या ऊती हळूहळू घट्ट आणि चिवट होत जाणाऱ्या एका गंभीर आजारासाठी हे औषध आहे. चीनमधील ७१ रुग्णांवर १२ आठवडे झालेल्या चाचणीचे निकाल जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वाधिक मात्रा घेणाऱ्या गटाची श्वास सोडण्याची क्षमता सरासरी ९८.४ मिलिलीटरने वाढली. नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटाची २०.३ मिलिलीटरने घटली.

आकडे उत्साहवर्धक आहेत. पण रुग्ण ७१ होते, कालावधी तीन महिन्यांचा होता आणि औषध सुरक्षित आहे का हे पाहणं हा चाचणीचा मुख्य हेतू होता. शेकडो रुग्णांवर, अधिक काळ तपासल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. हे निकाल आले तेव्हा अशा रीतीने आरंभापासून एआयने घडवलेलं एकही औषध विक्रीची मंजुरी मिळवून बाजारात आलेलं नव्हतं.

संगणकाची मदत मात्र नवी नाही. एचआयव्हीच्या एका महत्त्वाच्या प्रथिनाची रचना १९८९ मध्ये उलगडली. तिच्या खाचेत बसतील असे रेणू घडवण्यात संगणकावरच्या मांडणीचा मोठा वाटा होता. त्या गटातलं पहिलं औषध, सॅक्विनाव्हिर, १९९५ च्या अखेरीस मंजूर झालं. सहा वर्षांचा तो काळ त्या वेळी फारच वेगवान मानला गेला.

हे ज्ञान कोणाचं?

इथे विषय विज्ञानाकडून मालकीकडे वळतो. अल्फाफोल्ड शिकलं कशावर? प्रामुख्याने ‘प्रोटीन डेटा बँक’ या सार्वजनिक संग्रहावर. १९७१ मध्ये हा संग्रह अवघ्या ७ रचनांनिशी सुरू झाला. आज त्यात २ लाखांहून अधिक रचना आहेत. जगभरातल्या प्रयोगशाळांनी, बहुतांश करदात्यांच्या पैशातून, क्ष-किरणांसारख्या पद्धतींनी त्या एकेक करून उलगडल्या आणि सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. त्यांत भारतीय प्रयोगशाळांचंही योगदान आहे.

अल्फाफोल्ड २ चा कोड कंपनीने खुला केला. मे २०२४ मध्ये अल्फाफोल्ड ३ आलं. प्रथिनासोबत औषधाचा रेणू कसा बसेल हेही ते वर्तवतं, म्हणजे औषध कंपन्यांना हवं असलेलं नेमकं तेच. मात्र या वेळी शोधनिबंध छापून आला, पण कोड आला नाही. दावा तपासायचा कसा, असा सवाल करत संशोधकांनी जाहीर पत्र लिहिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोड मिळाला, तोही बिगरव्यावसायिक वापराच्या अटीवर. दरम्यान, डीपमाइंडचीच भावंड कंपनी आयसोमॉर्फिक लॅब्जने जानेवारी २०२४ मध्ये एलाय लिली आणि नोव्हार्टिस या औषध कंपन्यांशी करार केले होते. सगळे टप्पे पार पडले तर त्यांचं मूल्य सुमारे ३ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकतं.

कंपनीची बाजू अशी की प्रचंड खर्च केला आहे, तर व्यवसायाचा हक्कही आहे. टीकाकारांची बाजू अशी की विहीर गावाने मिळून खणली आणि पंपाला कुलूप एकाचं. दोन्हींत तथ्य आहे. एमआयटीतल्या संशोधकांनी २०२४ च्या अखेरीस ‘बोल्ट्झ-१’ ही तशीच क्षमता असलेली प्रणाली व्यावसायिक वापरासह पूर्ण खुली केली. त्यामुळे दार बंद झालेलं नाही, पण ते उघडं राहील याची हमीही नाही.

भारताला आणि महाराष्ट्राला यात काय?

जगात संख्येने जितकी जेनेरिक औषधं वापरली जातात, त्यांपैकी सुमारे २० टक्के भारत पुरवतो. पेटंट संपलेलं औषध स्वस्तात बनवण्यात आपला हातखंडा आहे. नवा रेणू शोधण्यात मात्र आपण मागे आहोत. संगणकावरची मांडणी ही त्यातली पहिली पायरी स्वस्त करू शकते, म्हणूनच ती महत्त्वाची.

क्षयरोगाचं उदाहरण पुरेसं आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा प्रश्न मुंबईसारख्या शहरात फार गंभीर आहे. पण या आजाराचे बहुतेक रुग्ण गरीब, त्यामुळे मोठ्या कंपन्यांना त्यात फायदा कमी दिसतो. नवे प्रभावी रेणू शोधायचे तर ज्यांच्याकडे रुग्ण आहेत त्यांनाच पुढाकार घ्यावा लागेल आणि त्यासाठी साधनं खुली असावी लागतील.

यंत्रांची सुरुवात आपल्याकडे जुनी आहे. परदेशातून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. आज पुण्यातल्या ‘आयसर’मध्ये ‘परम ब्रह्म’ आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथल्या ‘परम रुद्र’ महासंगणकांचं उद्घाटन झालं.

पण स्पर्धेचा आकार पाहा. मे २०२५ मध्ये मेटा आणि अमेरिकेतल्या बर्कली लॅबने रेणूंच्या गणितांचा एक संच खुला केला. त्यात १० कोटींहून अधिक गणितं आहेत आणि ती करायला ६ अब्ज प्रोसेसर-तास लागले. एकाच प्रोसेसरवर हे काम चालवलं असतं तर जवळपास ७ लाख वर्षं लागली असती. अशा शर्यतीत भारतातल्या विद्यापीठांनी उतरायचं तर यंत्रांइतकीच गरज आहे ती खात्रीशीर प्रयोगांची आणि त्यांच्या नीट जपलेल्या नोंदींची. फसलेले प्रयोगही त्यात हवेत. संगणकाला काय चालत नाही हेही शिकवावं लागतं आणि फसलेला प्रयोग सहसा कोणी छापत नाही.

पुढची बातमी आली की काय विचारायचं?

‘एआयने औषध शोधलं’ अशी पोस्ट दिसली की चार प्रश्न पुरतात.

१. औषध कुठे तपासलं : संगणकात, काचेच्या नळीत, उंदरावर की माणसावर?

२. माणसावर असेल तर कितवा टप्पा आणि रुग्ण किती?

३. निकाल तज्ज्ञांनी तपासून शोधपत्रिकेत आला आहे की फक्त कंपनीच्या पत्रकात?

४. कोणत्या औषधाच्या किंवा गोळीच्या तुलनेत फरक पडला?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘संगणकात’ असं असेल तर ती विज्ञानाची चांगली बातमी आहे, पण उपचाराची नाही. अशा बातमीवर विसंबून चालू औषध बंद करणं किंवा ‘नवं येतंय’ म्हणून उपचार लांबवणं धोक्याचं आहे. घरच्या ग्रुपवर मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं एक वाक्य त्यासोबत जोडलं, तरी कोणाची तरी फसगत टळेल.